धोंड्याच्या महिन्यातली होडी

त्या होडीची केस मी काही केल्या विसरत नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी कुणी आठवण विचारली की पहिल्यांदा तीच तोंडी येते.

लातूरकडच्या भूकंपाच्या बंदोबस्तातून सुटल्यावर काही वर्षांनी मी नांदेडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. दहावीत चमकलेलं पोर तेव्हा थेट लातूरच्या शिकवणीला जायचं. विष्णुपुरीच्या एका भोयानं मुलीची फी भरायला आपली लाकडी होडी विकली आणि स्वतः दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला लागला. घेणारा अर्धापूरचा केळीवाला. धरणाच्या पाण्यापलीकडे त्याचं शेत होतं.

महिन्याभरानं तो तणतणत ठाण्यात आला. "साहेब, होडी पाण्यात सोडली अन् बघता बघता बुडाली! सडक्या फळ्यांवर डांबर फासून गंडवलं मला. अर्धे पैसे वापस पाहिजेत, न्हाई तर फसवणुकीचा गुन्हा घ्या." आमच्या खबऱ्यानंही दुजोरा दिला. विकायच्या आधी भोई डांबर लावत होता, हे त्यानं पाहिलं होतं.

भोयाला बोलावलं. मी काही विचारायच्या आत त्यानं हात जोडले. "हाव साहेब, सडकीच व्हती. अर्धे पैसे फेडतो. गुन्हा तेवढा लिहू नका. पोरीला कळलं तर शिकवणी सोडून घरी यील ती."

इतका सरळ कबुलीजबाब मिळाला की मला उलट संशय येतो. "कुठली फळी सडकी होती?"

त्यानं पुन्हा हात जोडले.

"डाव्या अंगाची की उजव्या?"

"तुमी म्हणाल ती, साहेब."

माझं डोकंच फिरलं. "मी म्हणेन ती? होडी काय माझी होती?" दोघांना जीपमध्ये घातलं आणि नदीवर गेलो. पंच म्हणून दोन म्हातारे मासेमार घेतले. हवालदारानं काठावर ओढून ठेवलेल्या होडीच्या फळ्यांत चाकूचं टोक रोवून पाहिलं. लाकूड टणक होतं. डांबराचे थरावर थर होते, म्हणजे ते दर वर्षी लावलेलं. फटी मात्र सांध्यासांध्यात होत्या.

मी केळीवाल्याकडे वळलो. "घेतल्यापासून होडी होती कुठं?"

"अंगणात. धोंड्याचा महिना लागला व्हता ना, साहेब. धोंड्यात नवी वस्तू कोण काढतं? महिना सरला, नारळ फोडला, मंग सोडली."

भोई ताडकन उठला. "अवो मालक, महिनाभर उन्हात? लाकूड आटलं की वो!"

"बैलगाडीचं चाक असं उन्हात टाकता का?" मी केळीवाल्याला विचारलं. चाक वाळलं की लोखंडी धाव सैल होते, हे शेतकऱ्याला मी काय सांगणार!

होडीत दगड भरून ती काठाशी बुडवून ठेवली. काही दिवसांनी बाहेर काढली तर फळ्या फुगून सांधे घट्ट बसले होते. पुन्हा पाण्यात सोडली, आत थेंब आला नाही. तक्रार तिथंच मिटली.

पण माझं समाधान होईना. "आता खरं सांगा," मी केळीवाल्याला म्हणालो, "भाव तरी रास्त दिला होता का?"

"न्हाई साहेब. फीची घाई दिसली, म्हणून भाव पाडून घेतली."

हा काही पोलिसांचा विषय नव्हता. पण त्या दोघा म्हाताऱ्यांनी तळ, सांधे, वल्ही बघून भाव सांगितला आणि केळीवाल्यानं मुकाट्यानं वरचे पैसे दिले. मुलगी लातूरलाच राहिली.

तेव्हापासून कुणी चटकन कबुली दिली की मी आधी त्याची नड काय आहे ते विचारायचो. नडलेला माणूस भाव मिळेल तो घेतो, आणि गुन्हाही लादाल तो कबूल करतो.