अँबेसिडरला कूलरचा पत्रा

नागपुरातल्या प्रत्येक संसारी पुरुषाला गंजाबद्दल एक आत्मविश्वास असतो, आणि तो कूलरमुळे आलेला असतो. होळी झाली की कूलर गच्चीवरून खाली येतो, टाकी उलटी केली की बुडाला भोकं दिसतात, आणि मग आपण तारेचा ब्रश, पत्र्याचा तुकडा आणि डांबराचा डबा घेऊन सर्जनसारखे तिच्यासमोर बसतो. मी लग्न झाल्यापासून हे करत आलो. माझी टाकी कधी गळली नाही, असं मी पाहुण्यांना सांगतो. बायको नेमकी तेव्हाच उठून चहा टाकायला जाते.

हा आत्मविश्वास माणसानं कूलरपुरता ठेवला तर ठीक. मी तो मामाजींच्या अँबेसिडरवर चालवला.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मलई रंगाची ही गाडी त्यांनी जुनीच विकत घेतली होती आणि आयुष्यभर नवी असल्यासारखी चालवली. बुद्धपौर्णिमेला गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या बाया तिच्यात बसवून ते विहारात न्यायचे. गाडीत किती माणसं मावतात हा त्यांच्या लेखी गाडीचा प्रश्नच नव्हता, माणसांच्या स्वभावाचा होता. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालवणं सुटलं, आणि नंदनवनात त्यांच्या दारात गाडी ठेवायला जागाही उरली नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘विकू नका अन् रंग बदलू नका,’ एवढंच म्हणाले. मी छातीवर हात ठेवून मान डोलावली.

गाडी आमच्या पोर्चमध्ये आली. वर बेडरूमची खिडकी, खिडकीला कूलर. मी गाडीवर जाडजूड ताडपत्री घातली आणि दोरीनं आवळली. दर रविवारी ड्रायव्हरच्या दारापर्यंत ताडपत्री उचलायची, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, समोरून एक फोटो काढून मामाजींना पाठवायचा, की झाली सेवा. मागच्या अर्ध्या गाडीकडे दोन उन्हाळे मी पाहिलंच नाही. फोटोतही ती कधी आली नाही. कूलर मात्र तिच्याकडे रोज लक्ष देत होता. थेंबाथेंबानं.

मामाजी फोनवर विचारायचे, “गाडी कशी हाये?”

“एकदम फर्स्ट क्लास,” मी म्हणायचो. प्रश्न पुरा व्हायच्या आधीच म्हणायचो.

इकडे त्यांचा गुडघा बरा झाला होता. डॉक्टर चाला म्हणत होते. पण ते पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर एवढाच प्रवास करत. फाटकापर्यंत यायलाही तयार नसत. बायको रोज फोनवर त्यांच्या मागे लागायची, बाबा बाहेर पडा, बाबा पाय आखडून जाईल. यंदा वैशाखाच्या तोंडावर तिनं निर्वाणीचं विचारलं, बुद्धपौर्णिमेला तरी विहारात येता का, टॅक्सी पाठवते.

“माही गाडी आली तं येतो,” मामाजी म्हणाले. “नाही तं इथूनच वंदना करतो.”

बायकोनं हा निकाल मला चहासोबत सांगितला. किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. “बाबा तयार झाले. तुम्ही फक्त गाडी घेऊन चला.”

त्या दुपारी मी पहिल्यांदा ताडपत्री पूर्ण काढली.

मागचं डावं दार उघडेना. जोर लावला तर दार उघडलं, पण खालची कड माझ्या हातातच राहिली, भाजलेल्या पापडासारखी. आतली मॅट उचलली तर ती ओल्या पोळीसारखी तुटली. तिच्याखाली मला आमच्या पोर्चची फरशी दिसली. गाडीतून फरशी दिसण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिनं भोकात पाहिलं, मग वर कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे बाबांना दिसलं तं ते पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत,” ती शांतपणे म्हणाली. तिचं ते शांतपणे म्हणणं मला चांगलं ठाऊक आहे.

जरीपटक्यात एक डेंटिंगवाला ओळखीचा होता. त्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “भाऊ, छोड के जाओ. बारिश के पहले दे दूँगा.” बुद्धपौर्णिमा तर पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात होती. मी गाडी तशीच घरी आणली आणि बाह्या सरसावल्या.

पत्रा लागणार होता. गच्चीवर एक रिटायर कूलर पडला होता, त्याची एक बाजू मी कात्रीनं कापली.

“अजी, काय करून राहिले तुम्ही?” बायको जिन्यावरून म्हणाली.

“पत्रा काढतो आहे.”

“कूलरनंच गाडी खाल्ली, अन् आता त्याचाच पत्रा तिले लावता?”

मी म्हणालो की याला न्याय म्हणतात. ती खाली निघून गेली.

काम मात्र मी मन लावून केलं, हे कबूल करायला हवं. तारेच्या ब्रशनं गंज घासला. घासत गेलो तसं भोक वाढत गेलं. गंजाचं हे एक आहे, आपण त्याच्या फार खोलात शिरू नये. पत्रा ठोकून रिबिटा मारल्या. दाराच्या खालच्या कडेला आत जाळी कोंबून वर पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली, मलई रंगाचा हात मारला. दुकानदाराच्या मलईत आणि मामाजींच्या मलईत थोडा फरक पडला. त्याची मलई जरा चहाकडे झुकणारी होती. राहिला तळ. तिथे मला माझं खास कसब दाखवायचं होतं. डब्यात डांबर तापवलं आणि पत्र्यावर एक थर, वाळला की दुसरा, मग उगाच मन भरेना म्हणून तिसरा. वर लाल कारपेटचा तुकडा अंथरला.

काम पक्कं झालं की नाही, हे मी स्वतः त्यावर उभा राहून पाहिलं. दगडासारखं घट्ट. ही चाचणी मी भल्या सकाळी केली, कारण वैशाखात त्यानंतर उन्हात कोण उभं राहणार.

पौर्णिमेच्या दिवशी आम्ही दोघं पांढरे कपडे घालून नंदनवनात पोचलो. माझी योजना सरळ होती. मामाजींना पुढे माझ्या शेजारी बसवायचं. पुढचा तळ शाबूत होता. मागे बायको बसेल, तिला सगळं माहीतच आहे.

मामाजींना तयार व्हायला वेळ लागला. पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा, केस पाणी लावून बसवलेले. तेवढा वेळ गाडी रस्त्यावर उन्हात उभी होती. मग ते काठी टेकत फाटकाबाहेर आले आणि गाडी पाहून थबकले. बराच वेळ नुसते पाहत राहिले. बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तरी लगेच काढला नाही. मग हळूहळू मागे सरकले. चहाकडे झुकणाऱ्या दारापाशी आले तेव्हा मी घाईघाईनं पुढचं दार उघडलं.

“मामाजी, बसा.”

“आज मागं बसतो,” ते म्हणाले. “जिंदगीभर ड्रायव्हरच राहिलो या गाडीचा. आज साहेबासारखा बसून पाहतो.”

“पुढं हवा लागते, बाबा,” बायको म्हणाली.

“काहून वं, मागं काय खिडकी नाही का?”

ते मागे बसले. डाव्या बाजूला. दोन्ही पाय कारपेटवर नीट जुळवून ठेवले.

मी गाडी काढली. अर्ध्या रस्त्यात मला डांबराचा वास यायला लागला. मी मनात म्हटलं, रस्त्याचं काम चालू असेल. पुढच्या चौकातही वास होता, त्याच्या पुढच्याही चौकात. मग मला आठवलं की सायलेन्सरची नळी नेमकी त्याच पत्र्याच्या खालून जाते. वरून वैशाख आणि खालून सायलेन्सर, आणि मधे माझे तीन थर. बायकोनं शेजारून माझ्याकडे पाहिलं आणि काच पूर्ण खाली केली.

“रस्ते बनवून राहिले वाटते सगळीकडे,” मागून मामाजी म्हणाले.

“हो ना,” मी म्हणालो.

विहारापाशी गाडी थांबली. मी धावत जाऊन दार उघडलं. मामाजींनी एक पाय उचलला. पाय आला, चप्पल आली नाही. त्यांनी दुसरा पाय उचलला. तोही एकटाच आला. पायजम्याच्या डाव्या काठाला एक काळी, लांब, चकचकीत तार लागून आली आणि तुटली.

त्यांनी पायजम्याकडे पाहिलं, कारपेटकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहत होतो. तेवढ्यात दोन-तीन जुने सोबती पुढे आले, जयभीम झाला, कोणी म्हणालं, ‘किती दिवसांनी दिसून राहिले भाऊ.’ मामाजींनी काठी टेकली आणि मंडपातल्या चटईवरून अनवाणीच आत गेले. विहारात अनवाणीच जायचं असतं, म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

बायको त्यांच्या मागे जाताना हळूच म्हणाली, “बाबांच्या चपला सोडवून ठेवा. नाही तं तुम्हीच निघा.”

आत वंदना सुरू झाली. मी मागे खीर बनत होती तिथे गेलो आणि वाटीभर तेल मागितलं.

“तेल काहून पाहिजे जी?” एका बाईनं विचारलं.

“चपलेले.”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद न घालता तेल दिलं. मी गाडीत वाकून चपलांच्या कडेनं तेल सोडत, बोटांनी डांबर खरवडत राहिलो. घाम डोळ्यांत, गुडघे तापलेल्या फरशीवर, पांढऱ्या शर्टाची छाती काळी. अखेर एका चपलेची कड सुटली. मी दोन्ही हातांनी धरून ओढलं. चप्पल आली. म्हणजे वरचे पट्टे आले. तळ तिथेच राहिला, जणू तो पहिल्यापासून गाडीचाच भाग होता.

मी ते पट्टे हातात घेऊन तसाच वाकलेला होतो, तर मागे काठीचा आवाज आला. मामाजी उभे होते, हातात खिरीचा द्रोण. त्यांच्यामागे बायको.

त्यांनी पट्टे माझ्या हातातून घेतले, उलटे करून पाहिले.

“खाली किती मोठं भोक हाये?”

“पोळीएवढं,” मी म्हणालो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“कोनाच्या घरच्या पोळीएवढं? हे तुमची बायको तं लहान लाटते.”

“बाबा,” बायको म्हणाली.

“पाणी कुठून आलं?”

मी सगळं सांगितलं. कूलर, ताडपत्री, समोरून काढलेले फोटो, गच्चीवरचा पत्रा, तीन थर. सांगताना मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो. वाटलं, आता हा माणूस टॅक्सी बोलावून घरी जाईल, पलंगावर बसेल, आणि उठणार नाही, आणि त्याला कारण मी.

मामाजी गाडीच्या मडगार्डला टेकले. मग त्यांनी मोठा श्वास सोडला.

“दोन वर्सं मले वाटून राहिलं होतं का तुम्ही गाडी भंगारात देली.”

मी म्हणालो, “अहो, मी फोटो पाठवत होतो ना दर आठवड्याला.”

“समोरचाच पाठवत होते. मागचा काहून नाही पाठवत? मी म्हटलं, एकच जुना फोटो फिरवून राहिले. विचारलं का तुम्ही लगेच म्हणता, फर्स्ट क्लास. एवढ्या लवकर खरं कोनी बोलते का?” ते गाडीच्या छतावर हात फिरवत होते. “म्हून म्हटलं, माही गाडी आणाल तंच येतो. पाहू तं खरं, हाये का नाही.”

बायको मंडपाकडे तोंड फिरवून उभी राहिली. मला कळलं की ती रडत नाही आहे, हसते आहे. मग कळलं की दोन्ही.

“भोक तं भोक,” मामाजी म्हणाले. “गाडी हाये ना.” आणि खिरीचा द्रोण माझ्या काळ्या हातात दिला.

परत जाताना ते पुढे बसले, माझ्या शेजारी, अनवाणीच, सीटवर मांडी घालून. गुडघा पुरता वाकत होता. ते कोणाच्या लक्षात आलं नाही असं आम्ही तिघांनीही दाखवलं.

तेव्हापासून रविवारी मामाजी आमच्याकडे येतात. स्वतः ऑटो करून येतात. पोर्चमध्ये त्यांची खुर्ची असते, कूलर आता दुसऱ्या खिडकीला आहे, आणि मी गाडीत उलटा पडून डांबर खरवडत असतो. वरून सूचना येत राहतात. त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात, पण मला बोलायची सोय नाही.

मागच्या रविवारी त्यांना राहवलं नाही. “तुम्ही फारच घाबरत घाबरत करता, जवाईबापू,” म्हणत ते उठले, माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि उजव्या दाराखालची पट्टी चांगली आहे का ते पाहायला तिला टोचलं. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

आम्ही दोघंही त्या मुठीकडे पाहत राहिलो. आतून बायकोचा आवाज आला, “काय झालं जी?”

“काही नाही वं,” मामाजी म्हणाले. “एकदम फर्स्ट क्लास.”

आणि पायानं कारपेटचा तुकडा माझ्याकडे सरकवला.