दादाची सर्दी

दादाला सर्दी झाली होती आणि ती मी दवाखान्यात लपवली. अनवधानानं नव्हे, ठरवून.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मेंढरं राखायचा. शुगरमुळे त्याच्या तळपायाची जाणीव गेली होती. बाभळीचा काटा मोडला तेव्हा कळलंच नाही. जखम काळी पडली. पाय वाचावा म्हणून मी त्याला हैदराबादला नेलं. घरात शिकलेला मीच.

तिथं रोज त्याला काचेसारख्या पारदर्शक नळकांड्यात झोपवत आणि आत प्राणवायूचा दाब वाढवत. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, की एवढ्या दाबाखाली प्राणवायू रक्ताच्या पाण्यातच विरघळतो आणि एरवी पोचत नाही अशा जागीही जातो. दोन आठवड्यांत जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. प्राणवायूत आग लागू नये म्हणून आत जाण्याआधी खिसे, कपडे, डोक्याचं तेल, सगळं तपासत. दादा म्हणायचा, "बाजारात मेंढरू बी एवढं चाचपत न्हाईत." आत फक्त कानाला दडे बसायचे; आवंढा गिळला की सुटायचे.

मग त्याचं नाक चोंदलं. सर्दीत कानातला दाब सुटत नाही, म्हणून सर्दी असली की त्या दिवशी आत घेत नसत. एक दिवस हुकला की मुक्काम तेवढा लांबणार, आणि इकडे गावात हळद शिजवायच्या सामाईक कढईची आमची पाळी जवळ आली होती. ती चुकली असती तर महिनाभर थांबावं लागलं असतं. दादा कपडे बदलायला गेला असताना बाहेरच्या टेबलावर मला विचारलं, "सर्दी-जुकाम?"

मी म्हणालो, "नहीं. सब बराबर है."

"सर्दीचं सांगितलं का?" दादानं विचारलं.

"सांगितलं. चालतंय म्हणले."

कान दुखला तर आतून हात वर करायचा असे. त्यानं केला, पण फार उशिरा. सोसायची सवय. बाहेर आला तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं.

"काहून झालं रे असं?"

"आवंढा बराबर गिळला नसशील," मी म्हणालो.

पाय वाचला. हळदही वेळेत शिजली. कानाचा पडदा भरून आला, पण डाव्या कानाचं ऐकणं परतलं नाही. रानात मेंढीची घंटी वाजली, तरी ती कुठल्या अंगाला हे त्याला कळेना. चुकलेलं कोकरू शोधायला तो उलट्या दिशेनं जायचा. लोकांनी विचारलं की म्हणायचा, "माझंच चुकलं. गिळता आलं न्हाई." सात-आठ वर्षं मी ते ऐकत राहिलो.

एकदा जवळा बाजार या गावी चहाला बसलो होतो. आमच्या गावचा एक जण त्याच उपचाराला निघाला होता. दादा त्याला कळकळीनं सांगत होता, "आवंढा नीट गिळ बाबा. माझ्यावानी येड्यासारखं करू नको."

माझ्यानं पुढे ऐकवेना. मी बोललो, पण मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. तो म्हणाला, "काय?"

मी उठून समोर बसलो. त्या माणसादेखतच म्हणालो, "दादा, तू बराबर गिळलं होतं. सर्दीचं मी त्यांना सांगितलंच न्हाई. हळदीच्या घाईत तुझा कान मी घालवला, अन् वरून खोटं बोललो. मला माफ कर."