मांडवातला लव्हाळा

“शर्ट काढ. तुझ्या बापालाही काढायला सांग,” प्रदर्शनाचा संयोजक म्हणाला. “असे कपड्यात बसलात तर लोकांना खरं वाटणार नाही.”

मी काढला. हे आधीच लिहून टाकतो. किळस त्याची येते, तेवढीच माझीही येते.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पालघरला मोठं कृषी प्रदर्शन भरलं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, बोईसरच्या एका कारखान्यात कामाला. मासवणकडे आमच्या दीड एकरात भातपीक उभं होतं आणि लोंब्या पांढऱ्या पडत होत्या. आत दाणाच नाही. आम्ही त्याला पळिंज म्हणतो. बा म्हणाला, प्रदर्शनात मोठे साहेब येतात, त्यांना विचारू. मी रजेच्या दिवशी शेतात दहा ठिकाणी हातभर चौकोन आखले आणि लोंब्या मोजल्या. एकूण चारशे बारा. पांढऱ्या एकशे एकतीस. कागदावर लिहून कागद शर्टाच्या खिशात ठेवला. बाने रोगट रोपं पाच घेतली, मुळासकट, पळसाच्या पानात बांधून.

दारातच त्या संयोजकाने आम्हाला गाठलं. ‘आदिवासींची पारंपरिक शेती’ अशी पाटी असलेल्या मांडवात कुडाची झोपडी उभी केली होती. पुढे चिखलाने भरलेला पत्र्याचा ट्रे. ज्यांना आणून बसवायचं होतं ते आलेच नव्हते. त्याने सांगितलं, एक वाजता तज्ज्ञ साहेब इथेच येणार आहेत. तोवर बसा, लावणी करून दाखवा, मग तुमची रोपं मी स्वतः त्यांना दाखवतो. पुडी त्याने ठेवून घेतली.

म्हणून बसलो. नऊ वाजता.

कापणीच्या दिवसांत लावणीचं रोप कुठून आणणार? ट्रेजवळ कसलीतरी हिरवी जुडी ठेवली होती. बाने एक काडी घेतली, मुळाशी नखाने खरवडली, हुंगली.

“यो लव्हाळा हाय,” तो हळूच म्हणाला. “जन्मभर उपटला, तोच लावू?”

लावला. ट्रे भरला की उपटायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. चौदा वेळा. दोरीपलीकडे गर्दी. एका बाईने छत्रीचं टोक बाच्या उघड्या पाठीला टोचलं आणि “इकडे बघ” म्हणाली. तिच्या नवऱ्याला फोटो घ्यायचा होता. बाने बघितलं. कुणीतरी अर्धं खाल्लेलं केळं ट्रेच्या कडेला ठेवून गेलं. माझा शर्ट चटईखाली होता.

साहेब दीड वाजता आले. मागे वीसेक माणसं. छडीने ट्रे दाखवत ते म्हणाले, “ही लावणी बघा. ओळ नाही, अंतर नाही. यांना मोजमाप माहीतच नसतं.”

मी चटईखालून शर्ट ओढला. कागद काढला. “साहेब, मोजलंय,” म्हणालो आणि वाचलं. दहा चौकोन, चारशे बारा लोंब्या, एकशे एकतीस पळिंज.

ते माझ्याशी बोललेच नाहीत. संयोजकाला म्हणाले, “अरे वा, तुमचा हा तर वाचतोसुद्धा.”

वीसच्या वीस हसले.

मी रोपं मागितली. संयोजकाने झोपडीच्या दाराकडे बोट केलं. पुडी सोडून आमची पाचही रोपं त्याने मडक्यात खोचली होती. शोभेला. साहेब तोवर ट्रॅक्टरच्या मांडवात पोहोचले होते.

मी शर्ट घातला. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. बाला म्हटलं, ऊठ. तो उठला नाही. दोन्ही हात चिखलात घालून तो लव्हाळा उपटू लागला. शेतातलं तण बेणतो तसा, गाठीसकट, एकही काडी न सोडता. सगळा ढीग उचलून त्याने संयोजकाच्या बुटांवर टाकला.

“चिखलात लव्हाळा ठेवत नाय आमी,” तो म्हणाला. मग त्याने शर्ट घातला.

मडक्यातली रोपं काढून घेतली आणि निघालो. त्या वर्षी उत्तर मिळालं नाही. पिकाचा तिसरा हिस्सा पोकळ निघाला.

बा आता नाही. मी दर हंगामात दहा चौकोन आखतो, मोजतो, दोन प्रती करतो. तालुक्याच्या शेती कार्यालयात एकीवर पोच घेतो आणि लेखी उत्तर मागतो. उद्या या म्हणतात. उद्या जातो. परवाही जातो. उत्तर हातात पडेपर्यंत जात राहतो.

प्रदर्शनवाल्यांची माणसं अजून गावात येतात. मांडवात बसायला कुणीतरी हवं असतं. माझ्या घरातून कुणी जाणार नाही. गावातून कुणी निघालाच, तर एसटीच्या थांब्यावर त्याला अडवायला मी उभा असेन.