तो आला तेव्हा बाजा वाजला नाही

पुष्पा माझ्या ओट्यावर शिवणयंत्र घेऊन बसते, त्याला यंदा सोळा वर्षं होतील. २००९ च्या जूनमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा माझे यजमान हयात होते. “ओटा रिकामाच असतो, बसू दे तिला,” ते म्हणाले. तिचं माहेर मोखाड्याकडचं, पोशेऱ्याचं. सासर जामसरचं. शाळा सातवीपर्यंत. नवरा सखा ठाण्याला बांधकामावर असतो, महिन्यातून दोन दिवस घरी येतो. एकुलती मुलगी तुळशी आता बावीस वर्षांची आहे. जव्हारला एका खोलीत मायलेकी राहतात.

पुष्पाच्या गळ्यात टेप असते, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. कामाला तिला मापाचा ब्लाऊज लागतो, म्हणजे अंगाला नीट बसलेला एखादा जुना. पाड्यांवरच्या बायका तो पिशवीत घालून जीपवाल्याच्या हाती पाठवतात आणि ती तेवढ्यावर नवा शिवते. एकदा मी विचारलं, टेप का नको? ती म्हणाली, “टेप लावली की बाई पोट आत घेते, मावशी. ब्लाऊजला घेता येत नाय.” कुणाचा ब्लाऊज कुठल्या कापडाचा आणि कुठल्या साली शिवला, हे तिला तोंडपाठ असतं. मला तेवढ्यासाठी डायरी उघडावी लागते.

१९ एप्रिलला, शनिवारी, तिच्या मोठ्या दिरांचा फोन आला. हात कामात होते म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला, त्यामुळे मीही ऐकला.

“पुष्पा, आठ तारखेला कमलेशचं लगीन धरलंय. सगळ्यांचे ब्लाऊज घेऊन सकाळीच ये,” देवजी म्हणाले. “आणि तुळशीला नको आणू.”

“करवली कोण मग?”

“सकूची भाची हाय ना, फागी. ती धरील कऱ्हा.”

“कमलेशची बहीण फागी झाली कधीपासून?”

“वाद नको घालू. लोकं बोलतात.”

कमलेश हा देवजी आणि सकू यांचा मुलगा. त्याला सख्खी बहीण नाही, तुळशी ही एकटीच चुलत बहीण. लग्नात नवरदेवाच्या मागे पाण्याचा कऱ्हा घेऊन जी उभी राहते ती करवली, आणि तो मान घरच्या बहिणीचा. तिथे दुसरी मुलगी उभी राहिली तर अख्ख्या जामसरला एकच अर्थ कळणार होता, की या घराने तुळशीला टाकलं. पुष्पाने फोन ठेवला. हातातली बाही तिने उलटी जोडली होती, ती उसवायला घेतली.

लोक का बोलत होते ते सांगायला हवं.

२०२३ च्या ऑक्टोबरात एक माणूस आमच्या ओट्यावर आला. नाव त्याने ऋषिकेश सांगितलं. खरं नाव अजून कुणाला कळलेलं नाही. वय तिशीच्या आत, अंगात पांढरा सुती शर्ट, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. जामसरला बायकांसाठी शिवणकेंद्र काढायचं म्हणाला. मी बसेपर्यंत तो उभा राहिला. इंग्रजी इतकं स्वच्छ, की शाळा सोडल्यानंतर तसं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. १७ ऑक्टोबरच्या पानावर मी लिहिलं आहे: “वळण चांगलं. आईने कष्ट घेतलेले दिसतात.” ते वाक्य मी खोडलेलं नाही.

जामसरला तो घरोघर बसला. नागलीची भाकर मागून घेतली. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना मलम आणलं. दिवाळीला हिरव्यावर पिवळी बुट्टी असलेला कापडाचा अख्खा तागा आणला आणि घराघरात ब्लाऊजपीस वाटले. बावीस ब्लाऊज शिवले पुष्पाने. फेब्रुवारीत त्याने तुळशीला मागणी घातली. तेव्हा देवजी मुद्दाम जव्हारला येऊन मला विचारून गेले, “मोठ्या बाई, तुम्ही शिकलेल्या. माणूस कसा वाटतो?” मी म्हटलं, चांगल्या घरचा आहे. साखरपुडा झाला. मार्चमध्ये तो तिला आपलं घर दाखवायला म्हणून घेऊन गेला. जीपपर्यंत पोचवायला देवजी स्वतः गेले होते.

घर गुजरातेत निघालं. तिथे आणखी दोन मुली होत्या आणि कडी बाहेरून लागत होती. तिसऱ्या दिवशी तुळशी न्हाणीघराच्या खिडकीतून उतरली आणि चालत एसटी स्टँडवर गेली. नाशिकची पाटी असलेल्या गाडीत चढून तिने कंडक्टरला सांगितलं की पैसे नाहीत, जव्हारला आईकडे जायचं आहे. चौथ्या दिवशी घरी. पाचव्या दिवशी तिने पोलिसांना त्या घराचा रस्ता वळणावळणाने सांगितला आणि त्या दोघी सुटल्या. तो निसटला.

हे सगळं जामसरला माहीत होतं. तरी वर्षभर बोललं गेलं ते एवढंच, की पोरगी चार दिवस परक्या माणसाबरोबर होती.

फोनच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या महिला मंडळाचा सिनेमा होता. महिन्यातून एकदा माझ्याकडे जमतो, मोठ्या टीव्हीवर काहीतरी पाहतो, मग प्रत्येकीचं मत मी लिहून घेते आणि ते वाचनालयाच्या फलकावर लागतं. त्या दिवशी रहस्यपट होता. डोंगरातलं एक हॉटेल, धुकं, लाल दिवे, चकचकीत गाड्या. एक देखणा अनोळखी पाहुणा येतो, हॉटेलच्या मालकिणीला भुरळ घालतो आणि मागे एकेक माणूस नाहीसं होत जातं. बाहेर यंत्राचा आवाज येत होता म्हणून मी पुष्पालाही आत बोलावलं. ती हातातल्या ब्लाऊजाला काज करत दाराशी बसली.

सिनेमा संपल्यावर मतं सुरू झाली. बाजारपेठेतली किमया, कपड्यांच्या दुकानातल्या घरची सून, आधी बोलली.

“पाचपैकी साडेचार. अर्धा कापला, कारण शेवटी त्याला मारला. असा माणूस मारतात का?”

“तुझ्या नवऱ्याला सांगू?” कुणीतरी म्हणालं.

“सांगा की. निदान इस्त्रीचा शर्ट घालेल.”

विद्युल्लताबाई हसल्या नाहीत. त्या मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. “माझं लिहा. छायाचित्रण उत्तम. कथा न पटणारी. बाई इतकी मूर्ख असूच शकत नाही. मला तर तो दारात आला तेव्हाच कळलं.”

“कसं कळलं?” दारातून पुष्पाने विचारलं.

“अगं, स्पष्ट दिसत होतं.”

“तो आला तेव्हा ढण ढण बाजा वाजला, बाई. तो तुमाला ऐकू आला. तिला नाय. आमच्याकडे आला तेव्हाही कुणी वाजवला नव्हता.”

किमयाने रिमोट उचलून उगीच आवाज कमी केला. टीव्ही बंदच होता.

“तुझ्याबद्दल कुणी बोलत नाहीये, पुष्पा,” विद्युल्लताबाई म्हणाल्या.

“मला ठाव हाय. मी सिनेमाबद्दलच बोलते. खोटा हाय तो. त्यात तो एकट्या बाईला गाठतो. असा माणूस एकटीला गाठत नाय. आधी तिच्या दिराबरोबर बिडी ओढतो. म्हातारीचे पाय चेपतो. पोरांना बिस्किटं देतो. गाव त्याच्या खिशात गेलं की मग पोरीकडे बघतो. नंतर गाव पोरीला विचारतं, तुला कसं कळलं नाय?” तिने दोरा दाताने तोडला. “मावशी, माझं मत लिहा. नाव घालून.”

विद्युल्लताबाई म्हणाल्या, फलक सार्वजनिक आहे, नाव नको, उगाच चर्चा होईल. मी पुष्पाकडे पाहिलं. ती मान खाली घालून काज करत होती. सोमवारी फलकावर पुष्पाचं मत लागलं, तिच्या पूर्ण नावानिशी, माझ्या अक्षरात. मंगळवारी ते कुणीतरी काढलं. बुधवारी मी दुसरं लावलं. हा खेळ चार वेळा झाला. पाचव्यांदा ते तसंच राहिलं. बहुतेक काढणाऱ्याला कंटाळा आला असावा. मला आला नव्हता.

आठ मेच्या सकाळी पुष्पा ब्लाऊजांचं गाठोडं घेऊन निघाली तेव्हा तुळशी तिच्याबरोबर होती. मोतिया रंगाची साडी, केसांत अबोली. मीही जीपमध्ये पुढे बसले. वयाचा एवढा एक फायदा असतो, पुढची सीट कुणी मागत नाही.

मांडव जांभळीच्या डहाळ्यांनी गच्च भरला होता. बाजूला पाण्याचा टँकर आणि त्याच्यापाशी हंड्यांची रांग. बायका गाठोड्यावर तुटून पडल्या, जिचा तिचा ब्लाऊज घेऊन आत गेल्या. पण वरातीकडच्या धावपळीत पाचसहा जणींना नवा घालायला सवड झाली नाही, आणि काही म्हाताऱ्यांनी नवे शिवलेच नव्हते. मांडवात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला दिसलं आणि पुष्पालाही दिसलं असणार. सात जणींच्या अंगात हिरव्यावर पिवळी बुट्टी होती. त्यात नवरदेवाची आई सकू होती.

देवजी सरळ आले. “पुष्पा, मी सांगितलं होतं.”

“हो, भाऊजी. ऐकलं मी.”

“मग? मांडवात तमाशा करायचाय?”

“तिला कऱ्हा द्या. तमाशा नाय होणार.”

फागी कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या मागे उभी होती, सतरा वर्षांची, घाबरलेली. सकू पुढे झाली. “माझ्या पोराच्या लग्नात अपशकुन नको, पुष्पा. चार दिवस कुठं होती ती, कुणाला ठाव?”

“पोलिसांना ठाव हाय. तुला ऐकायचं नाय म्हणून तुला ठाव नाय.” पुष्पाचा आवाज चढला नाही. कापड फाडतानाही तिचा हात असाच सरळ जातो. “अक्का, अंगातला ब्लाऊज कुणी दिला तुला?”

सकूने पदर ओढून घेतला.

“झाकू नको. बावीस शिवलेत मी. आज सात बसलेत मांडवात, मी आल्यापासून बघते. घेताना कुणी विचारलं, तू कोण, कुठला? मी नाय विचारलं. मीच शिवले. माझ्यापासून धरा. पण त्याच्या कापडाला ज्यांनी हात लावला नाय, त्यांनीच माझ्या पोरीला बाहेर काढावं. या पुढं.”

कुणी पुढे आलं नाही. मागे एक म्हातारी पुटपुटली, आम्हाला काय ठाऊक, माणूस सोज्वळ दिसायचा. पुष्पा तिच्याकडे वळली. “तेच म्हणते मी, आजी. तुम्हाला सोज्वळ दिसला. तिलाही दिसला. तुम्ही घरात राहिलात, ती खिडकीतून उतरली. दोन परक्या पोरी तिच्यामुळं घरी गेल्या. तिच्या हातचं पाणी चालत नाय आणि त्याचं कापड चालतं?”

देवजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी तरी तिला आवरावं. मी उठले. मला पुष्कळ लोकांसमोर बोलायची सवय नाही. मी म्हटलं, “देवजी, तुम्ही मला विचारायला आला होता. चांगल्या घरचा आहे, असं मीच सांगितलं. इंग्रजी ऐकून सांगितलं. दोष द्यायचा तर इथे द्या.” आणि बसले.

तुळशीचा बाप सखा मांडवाच्या खांबापाशी उभा होता. ब्राह्मणाने “चला, वेळ होते” म्हटल्यावर सगळे हलले तेव्हा तो तिथून हलला नाही, आणि त्याच्या मागे खांबापासून नवरदेवापर्यंत तुळशीला जायला वाट मोकळी राहिली.

तुळशी गेली. तिने आईकडे पाहिलं नाही, काकाकडेही नाही. फागीपाशी थांबून म्हणाली, “दे. हात भरून आला असेल तुझा.”

फागीने कऱ्हा दिला, आणि दिल्याबरोबर तिचा चेहरा इतका सैल झाला की पुढच्या रांगेतल्या एकदोघी हसल्या. कमलेशने बाशिंगाच्या झुरमुळ्या बाजूला करून मागे पाहिलं. “आली का तू? केव्हाचा वाट बघतोय,” एवढंच म्हणाला आणि पुन्हा समोर बघू लागला. सकू आत निघून गेली. अक्षता पडल्या तेव्हा ती परत आली होती. ब्लाऊज बदललेला नव्हता, फक्त पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता.

तीन घरं न जेवता गेली. पुष्पाने त्यांना अडवलं नाही. पंगतीत वाढायला ती स्वतः उभी राहिली, आणि वरणाची बादली तुळशीच्या हातात दिली. ज्यांना तिच्या हातचं नको होतं त्यांनी पानावर हात आडवा धरला. तुळशी तिथे क्षणभर थांबे आणि पुढच्या पानाकडे जाई. दुसऱ्या फेरीला त्यातल्या दोघांनी हात काढून घेतला. वरण चांगलं झालं होतं.

निघताना देवजी जीपपर्यंत आले. सकाळपासून उन्हात उभे राहून त्यांचा चेहरा काळवंडला होता. “आज झालं ते झालं,” ते म्हणाले. “पण पुढच्या वेळी घरच्या कार्याला मी बोलावणार नाय तुम्हाला.”

पुष्पा जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. तिने आधी तुळशीला चढू दिलं, मग मला आधार देऊन पुढे बसवलं.

“नका बोलावू, भाऊजी,” ती म्हणाली. “तारीख कळली की आम्ही येऊ.”