सासूबाईंना दिसणारा जांभळा उजेड

सासूबाईंना मी तोंडावर खोटारड्या म्हणालो. दापोडीत, त्यांच्याच घरात, त्यांच्याच हातची भाकरी चावत.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, सासरच्यांवर त्याहून कमी... डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आई, म्हणजे सासूबाई, म्हणत होत्या, "समोरच्या मिठाईवाल्याच्या माश्या मारायच्या मशीनमधनं जांभळा उजेड सांडतोय. ऑपरेशननं डोळा बिघडवला माझा. दुसरा न्हाई करायची!"

दुसरा तर पार पिकलेला. दारातला माणूस ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यातलं मूळ भिंग अतिनील किरण अडवतं. ते काढलं की काहींना दिसतात." मला मात्र पक्कं वाटलं — बाई ऑपरेशन टाळतायत.

मी निघोज्याच्या एका कंपनीत पार्टला तडा आहे का ते बघतो. पार्टवर चमकणारं पाणी मारायचं, अंधारात अतिनील टॉर्च धरायचा, तडा हिरवा चमकतो. टॉर्चचा स्वतःचा उजेड डोळ्याला दिसत नाही. रविवारी तोच टॉर्च साहेबांना न विचारता घरी आणला. स्वयंपाकघराची खिडकी पुठ्ठ्याने बंद केली.

"आई, चालू की बंद?"

"चालू... आता बंद."

सगळं बरोबर! तेवढ्यात बायको फिस्कारली, "अहो, तुमचा बनियन चमकतोय! मलापण कळतंय की!"

बनियन काढला, काळी घोंगडी पांघरली. बटणाची टिक नको म्हणून टॉर्च चालूच ठेवला आणि पुढ्यात पुठ्ठा धरत, काढत राहिलो. भिंतही चमकू नये म्हणून झोत तिला टेकवलेल्या स्टीलच्या ताटावर. मला आणि शेजारी उभ्या बायकोला नुसता अंधार. आई एकदाही चुकल्या नाहीत.

"आई, माफ करा! डावा डोळा उत्तम आहे," म्हणत मी दिवा लावला.

आईंनी डाव्या डोळ्यावर पदराची घडी दाबून धरली होती!

"तो मघापासनं झाकलाय. नवा डोळा तुमच्या खेळात कशाला घालू?"

म्हणजे दिसलं ते पिकलेल्या डोळ्याला... जिथं मूळ भिंग अजून जागेवर होतं! डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले शक्यच नाही. बायकोने खूण केली असेल? पण तिलाही काही दिसत नव्हतं. उत्तर आजही नाही.

आई मात्र त्याच दुपारी लेकीला म्हणाल्या, "जुन्या डोळ्यालाबी दिसतंय, म्हंजे ऑपरेशननं बिघाड झाला न्हाई. दुसराबी करून टाकू. फक्त ह्या घोंगडीवाल्या जावयांना दवाखान्यात आणू नगं. तिथले लोक पेशंट कोण ते विचारत बसतील."