मधोमध मामंजी

धाकट्या दिराचं लग्न मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं मोडत आणलं होतं.

झालं असं, की फोनवर बघून बघून मी शॉट कसा लावायचा ते शिकत होते. पहिलाच धडा: माणूस मधोमध ठेवायचा नाही. चौकटीचे उभे तीन भाग करायचे, माणसाला कडेच्या रेघेवर उभं करायचं आणि तो बघतो त्या बाजूला मोकळी जागा सोडायची. (घरात बसायला मोकळी जागा नसलेल्या बाईला हे फारच पटलं.)

त्याच आठवड्यात डोंगरकडा गावच्या मुलीकडच्यांनी सुधाकरभाऊजींचा व्हिडिओ मागवला. मुलगा त्याच्या शेतात बघायचा होता. बऱ्याच नकारांनंतर हे एवढं एक स्थळ पुढे सरकलं होतं, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. कॅमेरा अर्थातच माझ्याकडे.

"भाऊजी, सरका. अजून कडेला."

"वहिनी, शेत संपलं, धुऱ्यावर आलो न मी. मधात काहून न्हाई उभं राहायचं?"

"मधे मोकळी जागा पाहिजे."

"लगीन माझं हाय का मोकळ्या जागेचं?"

कलाकाराला असं ऐकून घ्यावंच लागतं. तेवढ्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, मागे वाळत घातलेली हळद बघायला आले आणि त्या मोकळ्या जागेत मिशीला पीळ देत उभे राहिले. उन्हात मला फोनवर फक्त माझी रेघ दिसत होती. व्हिडिओ तसाच गेला.

संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. सासूबाईंनी स्पीकर लावला.

"शेती झकास हाय. पण पोराचं वय लई वाटून राहिलं. बायोडाट्यात बत्तीस लिवलं, अन् मिशा तर पांढऱ्या हायत."

सासूबाईंनी मामंजींकडे पाहिलं.

"अन् ते कडंला उभं हाय, ते तुमचा सालगडी का?"

भाऊजी ताटावरून उठले. मामंजींनी हळूच विचारलं, "बाकी पसंत हाय म्हणले का?"

शेवटी भाऊजींनी हात लांब करून स्वतःच व्हिडिओ काढला. त्यात शेत नाही, आभाळ नाही, नुसतं तोंड. तेही कपाळ कापलेलं. मी डोकं धरून बसले. तासाभरात होकार आला.

लग्न झालं, अल्बम आला. एकूण एक फोटोत मी कडेला, त्यातही निम्मी कापलेली. मी फोटोग्राफरला जाब विचारला.

"ताई, नवरदेवानंच बजावलं व्हतं," तो म्हणाला. "वहिनीला मधात घेऊ नका, त्यायचा नियम हाय."