वीसवरची आडवी रेघ

किनवटचं सोयाबीन लातूरला नेणारी माझी एकच गाडी, आणि तिच्यावर बारा वर्षं एकच ड्रायव्हर. यंदा गाडीला जीपीएस बसवलं. बसवणाऱ्याशी घासाघीस करून रोजचा आलेख मोबाइलवर फुकटात कबूल करून घेतला. तो वाचायचा कसा, ते मात्र विचारलं नाही. उभं आयुष्य भावाचे चढउतार वाचण्यात गेलेलं. रेघेत काय विचारायचं?

एकदा गाडी तीन तास उशिरा पोचली. मिलवाल्यानं मला फोनवर सुनावलं. आलेख उघडला तर लोहा गावाच्या पुढं रेघ आडवी, लांबच लांब. भाव आडवा चालला की बाजार थांबलेला असतो. म्हणजे गाडी थांबलेली. ड्रायव्हर परतला तसं विचारलं,

"कुठं झोपला होतास?"

"झोपलो न्हाई मालक. रस्ता खोदून ठिवलाय, हळूहळू आलो."

"मग काय मशीन खोटं बोलतं?"

"तर मशीनलाच चालवायला सांगा," म्हणाला, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला.

मुलगी लातूरला अकरावीत, होस्टेलवर. रविवारी डबा घेऊन गेलो तेव्हा तिला हे गाऱ्हाणं सांगितलं, आलेख दाखवला.

"पप्पा, डावीकडं वाचा. हा वेगाचा आलेख आहे. रेघ वीसवर आडवी, म्हणजे गाडी ताशी वीसनं सारखी चालत होती. थांबली असती तर रेघ शून्यावर आली असती." मग तिनं सुरुवातीच्या तिरप्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि वेग बघा किती सावकाश वाढवलाय. भरलेली गाडी जराही झटका न देता काढलीय."

डबा तिच्या हातात दिला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी हिमायतनगरला ड्रायव्हरच्या घरी गेलो. तो शाळेच्या बसवर लागला होता. 'चुकलं' हा शब्द काही तोंडातून निघेना. म्हटलं, "ये परत. पगार वाढवतो."

"भाव करायला आलाव का मालक?" तो हसला. "चहा घ्या. गाडी काय मी आता चालवत न्हाई तुमची."

मी आणखी वाढवून बघितलं. त्यानं चहाचा कप पुढं सरकवला. चहा घेऊन उठलो.

त्याच्यावरचा माझा राग अजून जात नाही. बारा वर्षांत माझा स्वभाव कळला नव्हता? दोन दिवस थांबला असता तर मी निवळलो असतो. आता नवा माणूस शोधायचा, त्याला ही गाडी समजावून द्यायची. त्याचाच कंटाळा आलाय.